गुंगीची गोळी म्हणजे प्रवासाचे तिकीट नव्हे

नाताळची सुटी तोंडावर आली की लालबाग, परळ, दादर, गिरगावातल्या घराघरांत गावी जायची तयारी सुरू होते. तिकिटे, पिशव्या, गावच्यांसाठी खाऊ सारे जमते. अडते ते एका प्रश्नापाशी. कुत्र्याचे काय करायचे? चाळीच्या खोलीत मावेल असा पॉमेरेनियन, पग किंवा शिह त्झू आता अनेक घरांत आहे. त्याला मागे ठेवून पाय निघत नाही, आणि सोबत न्यावे तर रात्रभराचा प्रवास. मग प्राण्यांच्या डॉक्टरांकडे ठरलेली मागणी होते : सकाळपर्यंत झोपून राहील असे काहीतरी द्या. डॉक्टरांनी नकार दिला, तर घरातल्या आजीच्या झोपेच्या गोळीतली अर्धी गोळी कुत्र्याच्या पोटात जाते.

ही मागणी मायेपोटी केलेली असते, पण ती जिवावर बेतू शकते. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. उकाडा झाला की तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंगातली उष्णता बाहेर घालवतो. गुंगीचे औषध नेमके याच व्यवस्थेवर घाव घालते. कुत्र्यांसाठी बरीच वर्षे वापरात असलेले अ‍ॅसेप्रोमॅझीन रक्तदाब उतरवते आणि तापमान राखण्याची शरीराची क्षमता बिघडवते. चेन लावून बंद केलेल्या पिशवीत उकडले तर अशा कुत्र्याला धड धापा टाकता येत नाहीत; पहाटेच्या गारठ्यात किंवा बसच्या एसीत त्याचे छोटे शरीर झपाट्याने गार पडते. त्यात उलटी झाली तर ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे. अशा औषधाने कुत्रा निपचित पडतो, पण त्याची भीती गेलेली असतेच असे नाही. आवाज, हादरे, अनोळखी वास त्याला जाणवत राहतात. फक्त भुंकता येत नाही, हलता येत नाही. शांतता मिळते ती मालकाला.

पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका सर्वांत मोठा. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे २००३ च्या सुमारास पग घराघरांत पोहोचला. त्याच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग लांब असल्याने घशात श्वासाची वाट मुळातच चिंचोळी असते. गुंगीने घशाचे स्नायू सैल पडले की तीही बंद होऊ शकते.

हे इतके स्पष्ट असताना लोक गोळी का मागतात? कारण कुत्रा अनेकदा लपवून न्यावा लागतो. रेल्वेच्या नियमानुसार कुत्रा सोबत डब्यात न्यायचा तर पहिल्या वर्गातला दोन किंवा चार बर्थचा पूर्ण कक्ष आरक्षित करावा लागतो. टू टियर, थ्री टियर, चेअर कार, स्लीपर यांत परवानगी नाही. कोकणात जाणाऱ्या जनशताब्दीला तर असा कक्षच नाही. उरते ती गार्डच्या डब्यातली पेटी. अंधार, खडखडाट आणि ओळखीचा वास नाही, अशा पेटीत चार किलोचा कुत्रा रात्रभर ठेवायला कोण धजेल? टोपलीतल्या लहान पिल्लांपुरती सवलत आहे; पण पूर्ण वाढ होऊनही टोपलीत मावणाऱ्या कुत्र्याला ती नाही. मग तो चादरीखाली, बॅगेत किंवा खासगी बसच्या डिकीत जातो, आणि भुंकू नये म्हणून त्याला गोळी दिली जाते.

विमानात याहून वेगळा मार्ग निघाला आहे. अकासा एअरने २०२२ मध्ये पिंजऱ्यासह सात किलोपर्यंतच्या प्राण्याला प्रवाशांसोबत केबिनमध्ये नेण्याची सोय सुरू केली. हवाबंद केबिनमध्ये जे जमते, ते रेल्वेच्या डब्यात जमू नये? सहप्रवाशांची अ‍ॅलर्जी, भीती, स्वच्छता या तक्रारी खऱ्या आहेत. म्हणूनच सरसकट मुभा नको. वजनाची मर्यादा, बंद पिंजरा, रेबीजच्या लसीचा दाखला, वेगळे तिकीट आणि एका डब्यातल्या ठरावीक जागा एवढे नियम पुरेत. उघडपणे नेता आले तर गुंगी देण्याचे मुख्य कारणच उरणार नाही.

तोवर मालकांच्या हाती बरेच आहे. पिंजरा दोन-तीन आठवडे आधी घरात उघडा ठेवावा, त्यातच खाऊ द्यावा, मग छोट्या फेऱ्या माराव्यात. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर जेवण देऊ नये; पाणी मात्र द्यावे. स्वतःची गाडी असेल तर चहाच्या थांब्यावर कुत्र्याला काचा लावून आत ठेवू नये. उन्हात दहा मिनिटांत गाडीतले तापमान साधारण दहा अंश सेल्सिअसने चढू शकते. गाडी लागणाऱ्या कुत्र्यांसाठी उलटीचे वेगळे औषध असते, अति घाबरणाऱ्यांसाठीही औषधे आहेत. पण ती डॉक्टरांनी तपासून, वजनानुसार, आधी घरी एकदा देऊन पाहूनच. त्यासाठी या भागातल्यांना लांब जायला नको. परळचे ‘बैलघोडा’, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आणि १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय शेजारीच आहे.

आणि म्हातारा, दम लागणारा, हृदयविकाराचा कुत्रा असेल तर त्याला घरीच ठेवणे यात निष्ठुरपणा नाही. गावी जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवायची चाळीतली रीत जुनी आहे. यंदा किल्लीसोबत कुत्र्याचे ताट, त्याची चादर आणि डॉक्टरांचा नंबरही ठेवावा. आठ दिवस तो दाराकडे डोळे लावून बसेल खरा, पण परत आल्यावर शेपूट हलवायला तो असेल.