हयातीचा दाखला

‘पेन्शन’ हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचणारे निवृत्त साहेब उभे राहतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र माझे आजोबा येतात, आणि ते अंगठ्याला खोबरेल तेल चोळत असतात.

आजोबा तीस वर्षे सूतगिरणीत होते. २००६ साली गिरणी बंद पडली. पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा पुरावा त्यांना द्यावा लागतो. जन्मभर सूत हाताळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्र काही केल्या अंगठा ओळखत नाही. (आता चेहऱ्यावरूनही ओळख पटते. पण आम्ही गेलो त्या दिवशी तेथे ‘रेंज’ नव्हती!) हा सारा खटाटोप दरमहा एक हजार रुपयांसाठी.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. मालकाच्या वर्गणीतून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम तिच्या निधीत जाते, केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे, की पेन्शन निघते. पण या वेतनालाही मर्यादा आहे. २०१४ साली ती साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झाली. पंधरा हजार आणि पस्तीस वर्षे धरली, तरी आकडा साडेसात हजारांवर थांबतो. आजोबांना तर आठशे-नऊशेच मिळत. २०१४ साली किमान हजाराचा नियम झाला, तेव्हा त्यांचे हजार झाले. त्यानंतर दहा वर्षे उलटली, डाळीचे नि औषधांचे भाव कुठल्या कुठे गेले. हजाराचे हजारच राहिले. या योजनेत महागाई भत्ता नावाची गोष्टच नाही.

शेजारच्या निवृत्त गुरुजींना जुनी पेन्शन आहे. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, वर महागाईप्रमाणे वाढ. त्यांच्याविषयी आजोबा कधी वाकडे बोलत नाहीत. त्यांना सल आहे तो वेगळाच. समोरच्या आत्याबाई जन्मभर शेतमजुरी करीत आल्या. त्यांना श्रावणबाळ योजनेतून पैसे मिळतात, आणि २०२३ साली राज्य सरकारने ते हजाराचे दीड हजार केले. “माझ्या नावावर वर्गणी भरली जात होती रे,” आजोबा म्हणतात, “आणि मलाच कमी?”

आजोबांचा प्रश्न खरा आहे, पण रोख चुकतो असे मला वाटते. दीड हजारात आत्याबाईंचे तरी काय भागते? केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्या वृद्धासाठी महिना दोनशे रुपये ठरले ते २००६ साली. पुढे तो आकडा वर्षानुवर्षे हललाच नाही. दोन उपेक्षितांनी एकमेकांच्या ताटाकडे पाहावे, अशीच ही रचना आहे.

१७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. खटला सरकारी सेवकांचा होता. पण सूत काढणे ही सेवा नव्हे काय? खुरपणी नव्हे काय?

मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा आपण सर्वांनीच ऐकली. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांची ती मागणी. तिला माझा विरोध नाही. आमचे काही शिक्षकही त्यांत होते. परंतु त्या मोर्चात गिरणीवाल्यासाठी किंवा आत्याबाईसाठी एकही फलक मला दिसला नाही. साबणाची वडी घेताना आत्याबाईही कर भरतात, आणि सरकारी पेन्शन त्याच तिजोरीतून जाते. तेव्हा आधी किमान पेन्शन महागाईच्या निर्देशांकाशी जोडा, मग वरच्या पायऱ्यांचे भांडण करा, असे माझे म्हणणे आहे. पैसा कोठून आणायचा, ही शंका रास्त. मात्र ती नेमकी हजार रुपयेवाल्याच्या वेळीच सर्वांना का आठवते, हे मला उमगत नाही.

यंदा आजोबांबरोबर मीच गेलो होतो. चौथ्या हेलपाट्याला यंत्राने अंगठा मान्य केला. आजोबांनी बोट धोतराला पुसले नि म्हणाले, “चला, आणखी एक वर्ष जिवंत!”

— तृतीय वर्ष, कला