खिशातल्या खेळयंत्राची खरी किंमत

दोन खेळयंत्रे शेजारी ठेवून ‘यांतले कोणते घ्यावे?’ असे विचारले, तर मुले पडद्याकडे पाहून उत्तर देतात आणि पालक किमतीच्या चिठ्ठीकडे पाहून. माझ्या मते दोघेही अर्धाच प्रश्न सोडवतात. हातात धरून खेळायच्या यंत्राची किंमत दुकानात एकदा मोजून संपत नाही. ती खेळाच्या प्रत्येक तासाला मोजावी लागते.

दोन जपानी कंपन्यांची जुनी चुरस पाहा. निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ १९८९ साली आला. अमेरिकेत तो सुमारे ९० डॉलरना मिळे. सेगाचा ‘गेम गिअर’ तेथे १९९१ साली सुमारे १५० डॉलरना मिळू लागला. दोघांच्याही पडद्यावर १६० × १४४ बिंदू. पण गेम बॉयवर हिरवट पार्श्वभूमीवर फक्त चार छटा, तर गेम गिअरवर एका वेळी ३२ रंग! शिवाय गेम गिअर अंधारातही खेळता येई. गेम बॉय घेऊन मात्र खिडकीपाशी किंवा दिव्याखाली बसावे लागे. दिसण्यात गेम गिअर सरस होता, यात वाद नाही.

आता सेल मोजू. गेम बॉय चार सेलवर साधारण १५ तास चाले. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. आपण चार तास धरू. म्हणजे १०० तासांच्या खेळाला गेम बॉयला सुमारे २७ सेल पुरत आणि गेम गिअरला १५० लागत. दुकानातल्या किमतीत पावणेदोनपटीइतकाही फरक नव्हता. सेलांच्या खर्चात तो साडेपाचपट होता.

असे का व्हावे? द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. तो प्रकाशाची वाट अडवतो किंवा मोकळी करतो, आणि या कामाला वीज फारच थोडी लागते. गेम बॉयच्या पडद्यामागे परावर्तक होता. बाहेरून आलेला उजेडच परत येऊन चित्र दिसे. रंगीत पडद्याचे तसे नाही. ध्रुवकातच निम्मा प्रकाश जातो. उरलेल्यातला जेमतेम एक तृतीयांश लाल, हिरव्या किंवा निळ्या गाळणीतून पार होतो. म्हणून गेम गिअरमध्ये पडद्यामागे छोटी प्रतिदीप्त नळी बसवावी लागली. तिचा बहुतेक उजेड वाटेतच अडे, पण सेल मात्र सगळ्या उजेडाचे पैसे भरत! त्यातून सेलमधून प्रवाह जोरात ओढला, की अंतर्गत रोधामुळे अधिक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

भिंतीवरच्या विजेवर खेळावे, असे कोणी म्हणेल. पण वायरने भिंतीला बांधलेले यंत्र खिशातले कसले?

गेम बॉयचे रचनाकार गुनपेई योकोइ यांनी स्वस्त, रुळलेले तंत्र मुद्दाम निवडले होते. गेम बॉय, त्याच्या रंगीत आवृत्तीसह, ११ कोटींहून अधिक खपला. त्यात ‘टेट्रिस’ या खेळाचा वाटा मोठा होता, हेही खरे.

आज सेलांची जागा पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीने घेतली आहे, तरी हिशेब तोच. निन्टेन्डोचा २०१७ सालचा ‘स्विच’ कंपनीच्या आकड्यांप्रमाणे अडीच ते साडेसहा तास चाले. २०१९ च्या सुधारित यंत्रात बॅटरी तेवढीच, म्हणजे ३.७ व्होल्ट व ४३१० मिलिॲम्पिअर-तास. पण आतील चिप कमी वीज घेणारी, त्यामुळे वेळ साडेचार ते नऊ तास. दोन्ही यंत्रे सरासरी किती वॉट घेतात, ते वहीत काढून पाहा. कोणी जुने यंत्र थोड्या कमी पैशांत देऊ करत असेल, तर हे गणित आधी करा आणि मगच हो म्हणा.