स्कॉटलंडची दूरची बेटं आणि सोळा सीटची मिनीबस: छोट्या ग्रुप टूरमुळे बेटांचं भलं होतं का?

4 जून 2023. स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावरचं लॉकबॉइसडेल बंदर. उन्हाळा, म्हणजे बेटावरच्या कमाईचा हंगाम. त्या दिवशी बंदरावर शेकडो माणसं आणि दोनशेच्या आसपास गाड्या जमल्या होत्या. पण ही गर्दी पर्यटकांची नव्हती. बेटावरचीच माणसं निषेध करायला आली होती. जून महिन्यातल्या त्यांच्या जवळपास सगळ्या फेरी रद्द झाल्या होत्या. दुसऱ्या मार्गांवर जहाजं कमी पडली आणि ती उणीव भरून काढायला या बेटाचं जहाज तिकडे वळवलं गेलं.

तुमच्या फीडमध्ये दिसणारी बेटं हीच. पांढरी वाळू, निळंशार पाणी, लाल चोचीचे पफिन पक्षी आणि खाली ‘हे कॅरिबियन नाही, स्कॉटलंड आहे’ अशी ओळ. ही दृश्यं पाहून तिकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली. त्यातून एक प्रकार चांगलाच रुजला, तो म्हणजे गाईडसोबतची छोट्या ग्रुपची टूर. जेमतेम पंधरा-सोळा माणसं, एक मिनीबस, एक जाणकार गाईड आणि आठवडाभर बेटांवरून बेटांवर प्रवास.

टूर कंपन्या म्हणतात, गर्दीच्या पर्यटनावर हाच उपाय आहे. खरंच तसं आहे का? आधी टूर कशी चालते ते पाहू.

ग्रुप सोळाचाच का असतो?

एडिंबरा, ग्लासगो किंवा इन्व्हर्नेसहून निघणाऱ्या या टूरमध्ये बहुतेकदा कमाल सोळा प्रवासी असतात. यात ‘आपलेपणा’ वगैरे आहेच, पण त्यामागे कायद्याचा हिशोबही आहे. ब्रिटनमध्ये मिनीबसच्या लायसन्सवर जास्तीत जास्त सोळा प्रवाशांची गाडी चालवता येते. सतरावा प्रवासी आला की मोठ्या बसचं लायसन्स लागतं.

समुद्रातही असाच एक आकडा आहे, बारा. बारापेक्षा जास्त प्रवासी घेणारी बोट कायद्यानं ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि तिला बरेच कडक नियम लागू होतात. म्हणून दूरच्या बेटांवर नेणाऱ्या बऱ्याच छोट्या बोटी बारा जणांवरच थांबतात.

याचा फायदा प्रवाशांना होतो. या बेटांवरचे बरेच रस्ते एकाच गाडीपुरते आहेत. समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबून तिला वाट द्यावी लागते. पन्नास सीटची बस तिथे अडकते, मिनीबस निघून जाते.

बेटं किती आणि किती लांब?

स्कॉटलंडला 790 च्या आसपास बेटं आहेत. 2011 च्या जनगणनेत त्यातल्या 93 बेटांवर वस्ती होती. उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड, पश्चिमेला इनर आणि आउटर हेब्रिडीज, असे त्यांचे मुख्य समूह आहेत. लुईस, हॅरिस, युइस्ट, बॅरा अशी बेटं असलेल्या आउटर हेब्रिडीजची लोकसंख्या सगळी मिळून 26 हजारांच्या आसपास आहे आणि ती घटतेय.

इथल्या प्रवासाची तऱ्हाही वेगळी आहे. बॅरा बेटावर नियमित विमान चक्क समुद्रकिनाऱ्यावर उतरतं, त्यामुळे वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरतं. ऑर्कनीतल्या वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या विमानप्रवासाला दोन मिनिटंही लागत नाहीत. जगातली सगळ्यात कमी अंतराची नियमित विमानसेवा म्हणून ती ओळखली जाते.

पण बेटांचा खरा आधार विमान नाही. दूध, औषधं, पत्रं, शाळेच्या सहली, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट हे सगळं चालतं फेरीवर. आणि दुखणंही तिथेच आहे.

फेरीचा घोळ काय आहे?

पश्चिमेकडच्या बेटांची फेरी सेवा ‘कॅलमॅक’ ही सरकारी मालकीची कंपनी चालवते. तिची बरीच जहाजं म्हातारी झालीत. एक बंद पडलं की दुसरीकडचं काढून तिथे लावायचं, मग दुसरीकडचे प्रवासी ताटकळणार, असं चक्र सुरू होतं.

नवी जहाजं मागवली नाहीत असं नाही. 2015 मध्ये दोन मोठ्या फेरींचं कंत्राट दिलं गेलं, 97 दशलक्ष पौंडांचं. त्यातल्या ‘ग्लेन सॅनॉक्स’चं जलावतरण नोव्हेंबर 2017 मध्ये झालं. समारंभ थाटात झाला, पण जहाज इतकं अपुरं होतं की काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. पुढे जहाजबांधणी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सरकारनं ती ताब्यात घेतली. ग्लेन सॅनॉक्सवर प्रवासी चढले ते थेट जानेवारी 2025 मध्ये. दोन्ही जहाजांचा खर्च मूळ आकड्याच्या चौपटीच्या आसपास गेला.

तिकीट स्वस्त झालं, मग अडचण कुठे आली?

2008 मध्ये सरकारनं आउटर हेब्रिडीजच्या मार्गांवर एक योजना सुरू केली. तेवढंच अंतर रस्त्यानं कापायला जो खर्च येईल, त्या हिशोबानं फेरीचं भाडं ठेवायचं. 2015 पर्यंत ती पश्चिमेकडच्या सगळ्या मार्गांवर लागू झाली.

हेतू चांगला होता, बेटावरच्या माणसाला प्रवास परवडावा. पण भाडं पर्यटकांसाठीही उतरलं. त्यामुळे गाड्या वाढल्या, घरासारख्या सोयी असलेल्या मोटरहोम वाढल्या. फेरीवर माणसांना उभं राहायला जागा मिळते, गाड्यांसाठीची जागा मात्र मोजकीच असते. पर्यटक सहा महिने आधी बुकिंग करतो. बेटावरच्या माणसाला आई आजारी पडल्याचं आदल्या दिवशी कळतं. तो बुकिंगला जातो तेव्हा गाडीची जागा संपलेली असते.

इथे छोट्या ग्रुपच्या टूरचा मुद्दा वजनदार ठरतो. सोळा पर्यटक आपापल्या गाड्यांनी आले, एका गाडीत दोघं-तिघं धरले, तर सहा ते आठ गाड्या होतात. तेच सोळा जण मिनीबसनं आले तर एकच गाडी. जागेची टंचाई असलेल्या जहाजावर हा फरक मोठा आहे.

मग टूरमध्ये काहीच खोट नाही?

आहे. पहिली खोट मुक्कामाची. लहान बेटावर एक-दोन हॉटेलं आणि काही घरगुती खोल्या असतात. एका टूरला आठ-दहा खोल्या एकदम लागतात आणि त्या कित्येक महिने आधी अडवल्या जातात.

दुसरी खोट पैशाची. गाईड मुख्य भूमीचा, बस मुख्य भूमीची, कंपनी शहरातली. ग्रुपनं जेवण सोबत आणलं आणि फोटो काढून पुढच्या बेटाची फेरी पकडली, तर बेटाच्या हाती काय राहिलं? उलट टूर स्थानिक बोटवाल्याला, विणकराला, कॅफेला धरून आखली, तर तेच सोळा जण हंगामभराचा आधार होतात. म्हणजे ग्रुप लहान असून भागत नाही, खर्च कुठे होतो तेही तितकंच महत्त्वाचं.

तिसरा प्रश्न घरांचा. घरमालकाला वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा आठवड्याचा पर्यटक जास्त पैसे देतो. मग शाळेच्या शिक्षकाला, नर्सला, अगदी हॉटेलच्या वेटरलाही राहायला घर मिळत नाही. 1 ऑक्टोबर 2022 पासून स्कॉटलंडमध्ये अशा अल्पकालीन भाड्याच्या घरांना टप्प्याटप्प्यानं लायसन्स सक्तीचं झालं, ते काही प्रमाणात यासाठीच.

पर्यटन कर का अडला?

2024 मध्ये स्कॉटलंडनं कायदा केला. त्यानुसार स्थानिक परिषदांना मुक्कामाच्या भाड्यावर टक्केवारीनं पर्यटक कर लावता येतो. एडिंबरा शहरानं 5 टक्के कर ठरवला.

बेटांसाठी मात्र हा हिशोब उलटा बसतो. हजारो माणसांचं क्रूझ जहाज ऑर्कनीत येतं. तिथली लोकसंख्या 22 हजारांच्या आसपास. प्रवासी उतरतात, पाच हजार वर्षांपूर्वीची स्कारा ब्रेची दगडी घरं पाहतात आणि झोपायला जहाजावर परत जातात. मुक्काम नाही, म्हणून कर शून्य. रस्त्याकडेला थांबलेली मोटरहोमही सुटते. हॉटेलात राहणाऱ्या छोट्या ग्रुपला मात्र कर लागतो. इतकंच काय, कामासाठी दुसऱ्या बेटावर मुक्काम करणाऱ्या बेटवासीयालाही तो भरावा लागू शकतो. क्रूझ जहाजांसाठी वेगळा कर असावा का, यावर सरकारनं 2025 मध्ये लोकांची मतं मागवली.

दोन बेटांची गोष्ट

पर्यटनानं बेट जगतं का? सेंट किल्डाचं उत्तर फार आशादायी नाही. आउटर हेब्रिडीजच्याही पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये हा द्वीपसमूह आहे. समुद्री पक्षी आणि मेंढ्यांवर जगणाऱ्या या लोकांकडे एकोणिसाव्या शतकात पर्यटकांच्या बोटी येऊ लागल्या. लोक त्यांना कापड आणि पक्ष्यांची अंडी विकू लागले. पैसा आला, सोबत बाहेरच्या जगावरचं अवलंबित्वही आलं. तरुण निघून गेले, रोगराईनं माणसं गेली. 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेल्या 36 जणांनी स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडलं. आज तो जागतिक वारसा आहे. तिथे संरक्षण खात्याच्या तळावरचे कर्मचारी आणि संवर्धनाचं काम करणारे असतात, पण गाव म्हणावं असं कोणी राहत नाही.

एग बेटाची गोष्ट वेगळी. हे बेट पिढ्यान्‌पिढ्या एकेका जमीनमालकाच्या मर्जीवर चालायचं. 12 जून 1997 रोजी रहिवाशांच्या ट्रस्टनं ते विकत घेतलं. तेव्हा तिथे साठ-पासष्ट माणसं होती, आता शंभराच्या पुढे आहेत. 2008 पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी बेटाची स्वतःची वीज आहे. एका घरानं एका वेळी 5 किलोवॅटपेक्षा जास्त वीज वापरायची नाही, हा नियम लोकांनीच ठरवला. पर्यटकांना इथे गाडी आणता येत नाही. ते पायी फिरतात, कॅफेत खातात आणि बेट आपल्या नियमांनी चालतं.

पर्यटक दोन्हीकडे आले. फरक पडला तो निर्णय कोणाच्या हातात होता यामुळे.

आयल ऑफ मलच्या शेजारच्या उल्वा बेटानंही हाच रस्ता धरला. 2018 मध्ये ते लोकांच्या संस्थेनं घेतलं, तेव्हा तिथे जेमतेम पाच-सहा माणसं उरली होती. एकोणिसाव्या शतकात इथे पाचशेहून जास्त लोक राहायचे. मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करायला जमीनमालकानं त्यांना हुसकावलं. या बेटाचा मुंबईशीही धागा आहे. पुढे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झालेला लॅकलन मॅक्वारी उल्वाचाच मानला जातो. 1788 मध्ये तो सैन्यासोबत मुंबईत आला आणि त्याचं पहिलं लग्नही मुंबईतच झालं. त्याची कबर मलवर आहे.

चांगल्या गाईडची गरज इथे कळते. ओसाड घरांच्या भिंती फोटोत सुंदर दिसतात. त्या ओसाड का पडल्या हे कोणी सांगितलं नाही, तर पाहणारा फक्त देखावा घेऊन परत जातो.

जायचं असेल तर काय विचाराल?

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना ब्रिटनचा व्हिसा लागतो. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. लुईस-हॅरिसमध्ये रविवार आजही बऱ्याच अंशी विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस आहे. लुईसहून रविवारची पहिली नियमित फेरी सुटली ती 2009 मध्ये. त्यामुळे रविवारी दुकानं उघडी मिळतील असं धरून चालू नका. सेंट किल्डाची बोट हवामानामुळे ऐनवेळी रद्द होऊ शकते आणि तिथे पोहोचूनही उतरता येईलच असं नाही.

टूर बुक करण्याआधी कंपनीला चार प्रश्न विचारा:

- मुक्काम आणि जेवण बेटावरच्या लोकांकडे आहे का?
- गाईड किंवा बोटवाला स्थानिक आहे का?
- एका बेटावर किती रात्री राहायचं आहे? सात दिवसांत सात बेटं म्हणजे बहुतेक वेळ फेरीच्या रांगेतच जाणार.
- फेरी रद्द झाली तर पर्याय काय आणि पैसे परत मिळतात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जी कंपनी लगेच आणि स्पष्ट देते, तिला बेटं माहीत आहेत असं समजायला हरकत नाही. फेरी रद्द झाली तर पर्यटकाचा एक दिवस वाया जातो. बेटावरच्या माणसाची हॉस्पिटलची अपॉइंटमेंट चुकते. लॉकबॉइसडेलच्या बंदरावर माणसं जमली होती ती त्यासाठीच.