वाकळ आणि सातबारा

आमचं रान माण तालुक्यातलं. माती हलकी, पाऊस बेभरवशाचा, सगळी भिस्त ज्वारी-बाजरीवर. आजोबा ते अर्धेलीनं करायचे. कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्या कुळांना मालक मानलं, आणि किंमतीचे हप्ते फेडत फेडत रान आमचं झालं. ३२ म चं प्रमाणपत्र मिळालं, फेरफार झाला, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चढलं. त्यांच्यामागं वडील आणि चुलते, आता आम्ही भाऊ.

या कागदात आजी कुठंच नाही. पेरणीपासून मळणीपर्यंत ती रानात होती, तरी नाही. तिचा दप्तरखाना म्हणजे घरातली वाकळांची चळत.

सगळ्यांत जुन्या वाकळेला वरखाली नऊवारी लुगडी आहेत, पोटात धोतरं आणि पटक्याची धडुती. लुगडं विरलं की आधी त्याला दंड घालायचा, तोही फाटला की मग ते वाकळेत जायचं. सुगी उरकली, रानातलं काम थांबलं, की उन्हाळ्यात अंगणात थर पसरायचे. आळीतल्या बाया चारी कडांना बसायच्या आणि धावदोरा घालत मध्याकडं सरकायच्या. आज हिच्या घरची, उद्या तिच्या घरची. बायकांची इर्जिकच ती. थोरल्या आत्यांना अजून टाके ओळखू येतात. “हा बारीक टाका आईचा. हा लांब, धाकल्या काकीचा. तिला घरी जायची घाई असायची.”

१९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेली. त्यानंतर शिवलेल्या वाकळेत तळहाताएवढे तुकडे आहेत. अंगावरचं लुगडं चिंध्या होईस्तोवर नेसावं लागलं, दुसरं काय उरणार? दुष्काळावरचे अहवाल मी वाचलेत, पण ते साल मला या तुकड्यांनी जास्त कळलं. पुढं नायलॉनच्या साड्या आल्या. त्यांच्या वाकळा रंगानं झगझगीत, पण अंगावरून घसरतात आणि ऊबही धरत नाहीत.

आजोबा गेल्यावर आत्यांनी हक्कसोडीवर सह्या केल्या. १९५६ च्या वारसा कायद्यानं बापाच्या या जमिनीत लेकींचा लेकांइतकाच वाटा होता. तो त्यांनी माहेर तुटू नये म्हणून सोडला. बदल्यात साडीचोळी मिळाली आणि आजीच्या हातची एकेक वाकळ. गावात याला लेकीचा मोठेपणा म्हणतात. मला तो अन्याय वाटतो, आणि तो आमच्या घरात झाला. शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. आमच्या उंबऱ्याआत ते वारं आलं नाही.

नोंदवलेली हक्कसोड आता मागं फिरत नाही, पण बक्षीसपत्र करता येतं. माझ्या हिश्श्यातलं काही रान आत्यांच्या नावावर करायचं मी ठरवलंय. भावांना पटलेलं नाही. नवरात्राआधी घरातल्या सगळ्या वाकळा धुवायला निघतात, तेव्हा आत्या येतील. त्यांच्यासमोरच हा विषय काढणार आहे. फोनवर त्या म्हणाल्या, “मला आता काय करायचंय जमीन?” मग मी त्यांच्या लेकींना विचारलं. त्या नको म्हणाल्या नाहीत.