औंढ्याच्या शिवारातून जाणारी वाट

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसविली गेली होती; म्हणूनच त्याची वाट आपणांस कळली. तेलंगणाची हद्द ओलांडून, हिंगोली जिल्ह्यातील शेतशिवारांतून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याची भटकंती सुमारे ३,००० किलोमीटर भरली. पुढे २०२१ मध्ये गौताळ्यात आणि डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग येथेही वाघ दिसले.

हे वाघ हवामानबदलामुळे निघाले, असे म्हणणे घाईचे ठरेल. वयात आलेल्या नराला स्वतःचे क्षेत्र हवे असते आणि टिपेश्वर आहे अवघे १४८ चौरस किलोमीटर. तथापि, अभ्यासलेल्या प्रजातींपैकी जवळपास निम्म्या प्रजाती ध्रुवांकडे वा उंच प्रदेशांकडे सरकल्या आहेत, असे आंतरसरकारी हवामानबदल समितीने २०२२ च्या अहवालात नोंदविले आहे. आपली अभयारण्ये मात्र नकाशावर जिथल्या तिथे आहेत. कारण कोणतेही असो, निघालेल्या प्राण्याला दोन जंगलांमधली वाट लागतेच, आणि ती सोयाबीन-हळदीच्या शेतांतून जाते.

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिच्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. दूरच्या ताऱ्यांच्या टकरींचे तरंग टिपण्याचा हा उद्योग आम्हांस स्वागतार्हच वाटतो. एवढी दूरदृष्टी ओढ्याकाठच्या झाडीसाठीही असावी, इतकेच. रस्ते, कुंपणे आणि धरणे यांमुळे प्राण्यांचा संचार खुंटतो व जैविक मार्गांची तजवीज फार थोडे देश करतात, याकडे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लावदातो सी’ या परिपत्रकात लक्ष वेधले होते.

परंतु या मार्गाची किंमत कोणी मोजावयाची? रानडुकरे आणि नीलगायी रात्रीतून पीक फस्त करतात, तेव्हा झळ बसते ती कोरडवाहू शेतकऱ्याला. सृष्टीच्या जतनाविषयी वेदीवरून बोलताना आम्ही धर्मगुरूंनी त्याच्याकडे पाहून बोलले पाहिजे. पंचनामा रखडला की हताश माणूस कुंपणात वीज सोडतो, आणि त्या तारेला वाघही लागतो, शेजाऱ्याचे पोरही. म्हणून वन्यजीव व्यवस्थापनाचा पहिला खर्च कॅमेऱ्यांवर नव्हे, तर वेळेवर मिळणाऱ्या भरपाईवर व्हावा, असे आमचे मत आहे. ज्या गावांतून ही वाट जाते तेथील ग्रामसभांना तिची माहिती वन विभागाने आधीच द्यावी. वाघ आल्यावर जमणारी बघ्यांची गर्दी तेव्हाच आवरता येईल.