पथ्याच्या नावाखाली उपास

ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जाताना आपण काय नेतो? शहाळं, मोसंबी, बिस्किटांचा पुडा. घरून डबा येतो त्यात साबुदाण्याची खीर नाहीतर भाताची पेज. दवाखान्यात असेपर्यंत हे ठीक. पण घरी गेल्यावरही तोच बेत पंधरा दिवस चालतो आणि घरात एखादी खमकी मावशी असली तर सव्वा महिना. तोवर माणूस निम्मा होतो. "ऑपरेशनच मोठं होतं हो," असं सगळे म्हणतात. असेल मोठं, पण त्या सुकण्यात डब्याचाही वाटा असतो.

आजाऱ्याचं जेवण मऊ, पचायला सोपं असावं, याबद्दल वाद नाही. मात्र आपण त्यातला कसच काढून घेतो. साबुदाणा म्हणजे कंदातला निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिनं नाहीत. खिरीत जे काही असतं ते दुधाचं, आणि तेही 'कफ होईल' म्हणून पाणी घालून पातळ केलेलं. वाटीभर पेजेत दोन-अडीच ग्रॅम. याउलट पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं आहारशास्त्र सांगतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. पेजेच्या किती वाट्या होतात ते बघा! जखम भरायला लागणारा माल बाहेरून आला नाही, तर शरीर तो स्वतःच्या स्नायूंतून काढतं. चार पावलं चालल्यावर पाय लटपटतात ते त्यामुळेही.

हा माल आपल्याच फडताळात असतो. ३० ग्रॅम मूगडाळीत सात ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ-दहा. गुरगुट्या भातावर घट्ट वरण, त्यात कुस्करलेलं अंडं, वर चमचाभर तूप. अंडं चालत नसेल त्या घरात पनीर किंवा दही. आतड्याच्या दुखण्यानंतर काही दिवस दूध सोसत नाही, पण दही बऱ्याचदा सोसतं. एका बैठकीला जात नसेल तर अर्धी-अर्धी वाटी दिवसातून सहा वेळा द्यावी. (मूत्रपिंड किंवा यकृताचं दुखणं असेल तर हा हिशोब वेगळा, तो डॉक्टरांनीच मांडायचा.)

आता वर्ज्य पदार्थांकडे येऊ. आंबट खाल्लं की टाके पिकतात, ही समजूत तर घरोघरी. वस्तुस्थिती अशी, की जखम सांधणारं कोलॅजन बनायला 'क' जीवनसत्त्व लागतं, आणि लिंबू-आवळ्यावर बंदी घालून आपण नेमकं तेच तोडतो. पित्ताशय काढलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली. वीतभर छेदाची जागा चार छोट्या भोकांनी घेतली, पण 'आता जन्मभर तेल-तूप बंद' ही घोषणा तशीच राहिली. पित्त यकृतात तयार होतं; पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. ती गेल्यावर पित्त थोडंथोडं थेट आतड्यात उतरत राहतं, आणि काही आठवड्यांत बहुतेकांना रोजचं जेवण पचू लागतं. भज्यांचा ढीग जरा उशिरा, एवढंच.

सर्जरीच्या वॉर्डात सकाळच्या राउंडला ठरलेला प्रश्न असतो, "गॅस गेला का?" तोवर तोंडाला काही लावायचं नाही, हा जुना नियम. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात तो मोडायला सुरुवात केली. वेदना आवरा, लवकर चालवा, लवकर खायला द्या. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरही माणूस लवकर घरी जातो, हे त्यांनी दाखवलं. आज अनेक सर्जन दुसऱ्याच दिवशी खाणं सुरू करायला सांगतात. अडतात नातेवाईक: "इतक्यात कशाला? सोसायचं नाही."

पथ्य थोतांड आहे, असं मी म्हणत नाही. आतड्याचा टीबी किंवा क्रोन्स आजारात आतडं अरुंद झालं असेल, किंवा लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली असेल, तर चोथा अडकून खरोखर जिवावर बेतू शकतं. अशांना छापील कागद मिळतो, त्यात सेलरी आणि मशरूम टाळा असं लिहिलेलं. आमच्या भाजी मंडईत सेलरी आधी शोधून दाखवा! टाळायला हवा तो आमटीतला शेवगा, मक्याचं कणीस, किसलेलं खोबरं, मोसंबीच्या फोडीची साल. पिशवीवाल्यांचं मीठही पाण्याबरोबर वाहून जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, त्यामुळे ती तूट शहाळ्याने भरत नाही. तिथे ओआरएसच हवं.

डिस्चार्ज कार्डावर मात्र दोनच शब्द असतात, 'सॉफ्ट डाएट'. म्हणून त्या दिवशी बिलाच्या रांगेत उभं राहण्याआधी घरात स्वयंपाक जो करतो, त्याला आहारतज्ज्ञांसमोर बसवा. पेशंटला गुंगी असते, मुलाला टॅक्सीची घाई. भाकरी कधीपासून, आमटीत कोकम टाकू का, मिरची किती, कुकरला शिट्ट्या किती, हे विचारायचं त्यालाच सुचतं.