तुमच्या आरएक्स १०० ला ई२० कळत नाही! जुन्या कार्बोरेटरचं गणित नेमकं कुठे चुकतंय?

माझ्या एका मित्राची यामाहा आरएक्स १०० चालत्या रस्त्यात जाम झाली. स्पीड सत्तरच्या आसपास, थ्रॉटल पूर्ण उघडलेला आणि अचानक मागचं चाक लॉक. याने सवयीने क्लच दाबला म्हणून हातापायाला खरचटण्यावर निभावलं. गाडी टेम्पोत घालून आणली. सिलिंडर उघडला तर पिस्टनवर उभे ओरखडे, म्हणजे इंजिन गरम होऊन सीझ झालेलं.

मग व्हॉट्सॲप ग्रुपवर कोर्ट बसलं. निम्मी पोरं म्हणाली, "ई२० पेट्रोलने मारली." गॅरेजवाले काका म्हणाले, "पेट्रोल-बिट्रोल काही नाही, एअर फिल्टर काढून ती जाळीची टोपी कोणी बसवायला सांगितली होती?" आणि मित्राने खालच्या आवाजात कबूल केलं की दहा दिवसांपूर्वी एक रील बघून ॲव्हरेज वाढवायला त्याने कार्बोरेटरचा स्क्रूही फिरवला होता.

गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. ते कसं, हे समजून घेतलं तर ई२० वरच्या भांडणातला बराच धूर खाली बसतो.

कार्बोरेटरला डोकं नसतं

१ एप्रिल २०२० ला बीएस६ नियम लागू झाले आणि नव्या टू-व्हीलरमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. जळालेल्या धुरात ऑक्सिजन जास्त उरला की तो ईसीयूला कळवतो आणि ईसीयू पेट्रोलची मात्रा थोडी वाढवतो. तुमचा फोन अंधारात स्क्रीनचा ब्राइटनेस आपोआप कमी करतो ना, साधारण तसंच.

कार्बोरेटरमध्ये यातलं काहीच नाही. तिथे आहे एक अरुंद नळी, तिच्यातून जाणारी हवा आणि त्या हवेच्या ओढीने बारीक भोकातून वर येणारं पेट्रोल. त्या भोकाला म्हणायचं जेट. भोक केवढं ठेवायचं हे कंपनीने गाडी बनवताना ठरवलं. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली, म्हणजे ते भोक ठरलं तेव्हा पंपावर इथेनॉलचा पत्ता नव्हता.

आता आकडे बघू. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला एका किलोला फक्त ९ किलो हवा पुरते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हे प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आता आठ-नऊ टक्के जास्त इंधन पाहिजे. पण जेटचं भोक तेवढंच आहे! मिश्रणात इंधन कमी पडलं, यालाच गॅरेजच्या भाषेत गाडी 'लीन' झाली म्हणतात. उलट झालं तर 'रिच'.

आठ टक्के म्हणजे किती, याचा अंदाज येत नसेल तर असं बघा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंच. तिथे हवा विरळ, त्यामुळे तीच गाडी तिथे रिच चालते. आता समजा तुम्ही महाबळेश्वरच्या थंड विरळ हवेत कार्बोरेटर अगदी मापात लावला आणि जेट न बदलता गाडी थेट गिरगाव चौपाटीवर आणली. ती जेवढी लीन होईल, साधारण तेवढीच ती शुद्ध पेट्रोलवरून ई२० वर गेल्याने होते. (जाता जाता: पुण्यात काटेकोर ट्यून केलेली गाडी कोकणात किंवा गोव्यात उतरली की तीही थोडी लीन होते. ट्रिपच्या आदल्या रात्री मेकॅनिकला सतावणारे लोक उगाच सतावत नाहीत.)

मग सगळ्यांच्याच आरएक्स का बसत नाहीत?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि ई२० च्या नावाने ओरडणाऱ्या रील्समध्ये तो कोणी विचारत नाही. बिनबदलाची, कंपनी फिटिंगची आरएक्स ई२० वर फिरताना रोज दिसते. कारण टू-स्ट्रोक गाड्या कंपनीतून निघताना मुद्दाम थोड्या रिच ठेवलेल्या असायच्या. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं थंड मिश्रण पिस्टनला गारही ठेवतं, म्हणून थोडं जास्तीचं पेट्रोल हा इंजिनाचा विमाच होता. ई२० त्या विम्यातला मोठा हिस्सा खातं, पण सगळा नाही.

मॉडिफाय केलेल्या गाडीत हा विमा आपणच आधी मोडलेला असतो. कंपनीचा एअर फिल्टर त्याच्या डब्यासकट काढून पॉड फिल्टर लावला की हवा मोकळी आत येते. हवा जास्त, जेट तेच, गाडी लीन. एक्स्पान्शन चेंबरवाला सायलेन्सर लावला, पोर्टिंग केलं की वरच्या आरपीएमला इंजिन आणखी हवा ओढतं. पुन्हा लीन. त्यात ई२० भरलं, तेही लीनच्याच बाजूला. आणि वर ॲव्हरेजसाठी स्क्रू फिरवला. चारही जण एकाच दिशेने दोर ओढतायत, विरुद्ध बाजूला कोणीच नाही. मित्राच्या गाडीचं नेमकं हेच झालं.

स्क्रू फिरवणाऱ्या रील्समधली मुख्य चूक

रीलमध्ये गाडी मेन स्टँडवर उभी असते. स्क्रूड्रायव्हर घेतला, स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, गाडी ठप-ठप-ठप छान एकसुरी वाजते आणि खाली कॉमेंटमध्ये आगीचे इमोजी. ट्यूनिंग झालं!

पण तो एअर स्क्रू आणि त्याच्या जोडीचा पायलट जेट यांचा अंमल थ्रॉटलच्या साधारण पहिल्या पाव भागापर्यंतच चालतो. त्यापुढे मधल्या भागात नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली निमुळती सुई, किती पेट्रोल सोडायचं ते ठरवते. तीन चतुर्थांशच्या पुढे कारभार मेन जेटकडे जातो. सत्तरच्या स्पीडला पूर्ण थ्रॉटलवर इंजिन सीझ होतं तेव्हा स्टँडवर लावलेल्या स्क्रूचा तिथे फारसा संबंधच नसतो. आयडलिंग मस्त असूनही इंजिन बसू शकतं ते यामुळे. मित्राच्या स्क्रूने पिस्टन मारला नाही. त्याने फक्त एक खोटा दिलासा दिला की गाडी ट्यून झालीय.

आणखी एक घोळ आहे. आरएक्सच्या मिकुनीवरचा स्क्रू हवेचा आहे, तो बाहेर काढला की हवा वाढते, म्हणजे लीन. काही गाड्यांत मात्र स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो मिश्रण सोडतो. तिथे बाहेर काढला की रिच. दुसऱ्या गाडीची रील बघून आपल्या गाडीवर हात चालवला तर बरोबर उलटं होणार.

मग जेट किती वाढवायचा?

इथे लोक थेट नंबर मागतात. पण नंबर देणं धोक्याचं आहे, कारण जेटवरच्या आकड्याचा अर्थ सगळीकडे एक नाही. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा किती इंधन वाहतं ते सांगतो, तर केहिनवरचा आकडा भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. प्रवाह आठ टक्के वाढवायचा तर पहिल्या प्रकारात १०० चा १०७.५ किंवा ११० लागेल. दुसऱ्यात व्यास फक्त चार टक्के वाढवला तरी क्षेत्रफळ आठ टक्के वाढतं, म्हणजे १०० चा १०४-१०५ पुरे. शिवाय बाजारातल्या स्वस्त जेटवर छापलेला आकडा आणि आतलं भोक यांची ओळखही नसते कधी कधी.

म्हणून पद्धत महत्त्वाची. अनुभवी मेकॅनिक रीलच्या बरोबर उलट्या क्रमाने जातात. आधी मेन जेट, मग नीडल आणि सगळ्यात शेवटी एअर स्क्रू. सुरुवात मुद्दाम मोठ्या जेटने करायची. पूर्ण थ्रॉटलला गाडी भरडल्यासारखी चालेल, धूर जास्त मारेल, प्लग काळा ओला येईल. तिथून एकेक पायरी खाली यायचं, गाडी स्वच्छ ओढायला लागली की थांबायचं. लीनकडून सुरुवात केली तर शोध पूर्ण व्हायच्या आधी पिस्टन जातो. रिचच्या चुकीची किंमत एक प्लग, लीनच्या चुकीची किंमत बोअरिंग आणि नवा पिस्टन.

थ्रॉटलच्या मुठीवर आणि बाजूच्या हाऊसिंगवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. मग गाडी नेमकी कुठे अडते ते कळतं आणि कुठला भाग बदलायचा तेही. मधल्या भागात लीन वाटली तर नीडलची क्लिप एक खाच खाली. क्लिप खाली गेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. खोलण्याआधी क्लिप कितव्या खाचेत होती त्याचा फोटो काढून ठेवा, हे दहा वेळा सांगूनही कोणी करत नाही.

लीनची लक्षणं ओळखायला शिका. थ्रॉटल सोडला तरी रेस पटकन उतरत नाही. लांब चढावर ओढ अचानक कमी होते. पाऊण थ्रॉटलला चोक किंचित उचलल्यावर गाडी मेल्यासारखी होण्याऐवजी जास्त ओढायला लागली, तर समजायचं की ती पेट्रोल मागत होती. प्लग पांढुरका दिसत असेल तर पुढे दामटू नका.

आणि जेटला हात लावण्याआधी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर वाकवून बघा. तीस वर्षांच्या रबराला चिरा असतातच. तिथून चोरून हवा आत येत असेल तर जगातला कुठलाही जेट ती गाडी नीट करणार नाही.

सरकारचं म्हणणं आणि आपली गाडी

जून २०२१ मध्ये नीती आयोगाचा इथेनॉलचा रोडमॅप आला, तेव्हा २० टक्क्यांचं लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर आणलं गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देश त्या २० टक्क्यांपर्यंत पोचलासुद्धा. त्या रोडमॅपमध्येच लिहिलंय की शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई१० साठी कॅलिब्रेट केलेल्या टू-व्हीलरचं ॲव्हरेज ई२० वर ३ ते ४ टक्के कमी होऊ शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सोशल मीडियावर गदारोळ झाल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की मोठं नुकसान होत नाही, काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागतील आणि तो खर्च किरकोळ आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ई२० सोबत बिनइथेनॉलच्या पेट्रोलचाही पर्याय मागणारी याचिका फेटाळली.

सरकारचे आकडे खोटे आहेत असं मला म्हणायचं नाही. पण ते सरासरी गाडीचे आकडे आहेत. तीस वर्षांची, पॉड फिल्टर लावलेली टू-स्ट्रोक त्या सरासरीत कुठेच बसत नाही. तिच्यासाठी प्रश्न ॲव्हरेजचा नाहीच, पिस्टनच्या तापमानाचा आहे. 'रबर बदला' असं सांगितलं गेलं, 'जेट तपासून घ्या' असं एका ओळीत सांगितलं असतं तरी बऱ्याच पोरांचा बोअरिंगचा खर्च वाचला असता.

तक्रार करायला जावं तर आपली बाजूही लंगडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा एकेका बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. 'व्हिंटेज आहे' म्हणूनही सुटका नाही. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. सगळ्यात पहिल्या आरएक्सलाही त्यासाठी २०३५ उजाडेल.

कोल्हापूर-सांगलीकडे तर यात वेगळाच पेच आहे. ज्या घरात आरएक्स जपलेली असते, त्याच घरचा ऊस कारखान्याला जातो आणि कारखान्याच्या ताळेबंदात इथेनॉलचा पैसा मोठा असतो. पोरगा ई२० ला शिव्या घालतो आणि बाप उसाच्या बिलाची वाट बघतो. जेवणाच्या ताटावर हा विषय काढून बघा.

एक शेवटची गोष्ट, जी ट्यूनिंगएवढीच महत्त्वाची आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो, आणि कॉक तर तळातूनच पेट्रोल घेतो. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट मळ सोडवतं आणि तो थेट पायलट जेटमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे गाडी दोन-तीन आठवडे उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या बाऊलमधलं पेट्रोल काढून टाका.

मित्राच्या गाडीचं बोअरिंग झालं, नवा पिस्टन बसला. काकांनी कंपनीचा एअर फिल्टर डब्यासकट परत लावला, मेन जेट मोठा टाकला आणि नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली. गाडी आता आधीपेक्षा थोडं जास्त पेट्रोल पिते, धूरही जरा जास्त मारते. पॉड फिल्टर त्याने विकायला काढलाय. गिऱ्हाईक विचारतंय, लावल्यावर पिकअप किती वाढतो?